पहिला नग

मु. पो. जयगड, जि. रत्नागिरी
२ सप्टेंबर २०२४

श्रीमती रसिकाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता भाईंदरच्या त्या साप्ताहिकाच्या संपादकांकडून मी मागून घेतला. फार मागे लागले तेव्हा त्यांनी दिला, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नका.

माझी चुलतबहीण अनुष्का मीरा रोडला राहते. नारळी पौर्णिमेच्या अंकात तुमचा लेख आला होता, त्याचा फोटो तिने मला पाठवला. पन्नास वर्षांपूर्वी चौक गावच्या खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, चढलेलं गलबत तुमच्या गावच्या कोळ्यांनी कसं वाचवलं, त्याची हकिगत. ताई, त्या गलबतावरचा सगळ्यात लहान खलाशी म्हणजे माझे बाबा, बाबाजी मयेकर. लेख मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा रडले. आम्ही लहान होतो तेव्हा जेवायला बसलं की म्हणायचे, "चौकची माणसं नसती तर तुम्ही कुठली मेल्यांनो?" त्यामुळे तुमचं गाव न बघताही आम्हाला घरच्यासारखं आहे.

पण लेखातलं एक वाक्य त्यांच्या जिवाला लागलं. तुम्ही लिहिलंय, सगळा माल गावाने उतरवून घेतला, घराघरांत सांभाळला, उधाणाच्या भरतीला गलबत सुटलं तेव्हा परत चढवला, आणि "एकही नग इकडचा तिकडे झाला नाही". ताई, एक नग झाला होता. एक लाकडी पेटी कमी भरली. माल गलबतावरून खाली होडीत द्यायचं काम बाबांकडे होतं, म्हणून आळ त्यांच्यावर आला. मालकाने ठरवलं की पोराने किनाऱ्यावर कोणाला तरी विकली. बाबांना उतरवून दिलं. पुढे कुठल्याच गलबतावर कोणी घेतलं नाही. आंब्याच्या बागांतून पेट्या उचलायचं काम मिळालं, राखणीचं कधीच नाही. अजूनही वाडीत कोणाची कोंबडी दिसेनाशी झाली की लोक आमच्या परड्यात डोकावून जातात. मी अंगणवाडी चालवते. तिथलीही कुलपाची किल्ली माझ्याकडे द्यायला सरपंचांनी वर्ष लावलं.

बाबा पहिल्यापासून एकच सांगतात. "ती पेटी मीच दिली, पहिलीच. खाली दोन हात होते, त्यांनी घेतली." तुमच्याकडचं कोणी जाणतं माणूस असेल तर एवढं विचाराल का, की ती पेटी खाली घेतली होती? कागदावर लिहून पाठवा. बाबांचा फोनवर विश्वास नाही, आणि वाडीला कागद दाखवता येतो. त्यांना दम्याने पार पोखरलंय, म्हणून घाई करतेय.

आपली,
सुरुची

•

भाईंदर पूर्व
११ सप्टेंबर २०२४

प्रिय सुरुची,

तुला सरळ 'तू' म्हणते. तुझे बाबा त्या गलबतावर आणि माझे अप्पा त्यांना उतरवून घेणाऱ्या होडीवर, म्हणजे आपलं नातं तुझ्या जन्माच्याही आधीचं. तुझं पत्र वाचलं आणि शेजारच्या जिग्नाबेनना दारात उभं करून अख्खं हिंदीत सांगितलं. "देखो, मेरे पप्पाने जिसको बचाया उसकी बेटी का लेटर आया है." त्यांनीही डोळे पुसले. माणसं चांगली आहेत इथली, फक्त गॅलरीतून पाणी ओततात.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. लग्न होऊन भाईंदरला आले, पण माहेर चौकलाच. अप्पा, म्हणजे आत्माराम, तिथे माझ्या भावाकडे असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दात नाहीत, पण स्मरणशक्ती अशी की माझ्या बारशाला कोण रुसून गेलं तेही सांगतील. त्या दिवशी पुढच्या होडीवर तेच होते. तेव्हा त्यांना नसेल आठवत तर कोणालाच नाही.

आणि ऐक, येत्या कार्तिकी पौर्णिमेला गावात त्यांचा सत्कार आहे. व्यासपीठ, शाल, श्रीफळ, सगळं. लेख लिहून त्याची सुरुवात मीच केली, म्हणून सध्या गावात माझा भाव वधारलाय. तुझ्या बाबांना प्रवास झेपला तर त्यांनाच आणूया की! अप्पांशेजारी खुर्ची टाकू.

रविवारी चौकला जातेय. अप्पांना विचारते आणि त्यांच्याच तोंडून लिहून घेते. तुझं काम झालंच समज. बाबांना सांग, तोवर जिवाला घोर लावून घेऊ नका.

तुझी,
रसिकाताई

•

जयगड
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय रसिकाताई,

दोन ओळींचंच पत्र. तुम्ही गेला होता का चौकला? बाबांना तुमचं पत्र दिलं तेव्हापासून पोस्टमन धर्माजी दिसला की उठून बसतात. काल त्याला म्हणाले, "माझं कायतरी आणल्याशिवाय या पाणंदीतून जाऊ नको." तो बिचारा आता वरच्या वाटेने जातो.

घाई करतेय असं वाटून घेऊ नका. तब्येत बरी आहे ना तुमची?

सुरुची

•

भाईंदर पूर्व
६ ऑक्टोबर २०२४

सुरुचीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. सत्काराच्या तयारीमुळे धावपळ चालू आहे. मंडप, माईक, पाहुण्यांची ने-आण, सगळं आपणच बघावं लागतं.

वडिलांना विचारलं. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, शिवाय वादळाची गडबड, त्यामुळे नीटसं कोणालाच आठवत नाही. तुम्ही म्हणता तशी पेटी किनाऱ्याला आलीच नाही असं गावातली जाणती माणसं सांगतात. आली असती तर परत गेलीच असती, कारण आमच्या गावाने त्या वेळी सगळं प्रामाणिकपणे परत केलं होतं. समुद्र खवळलेला होता, माल वरखाली होत होता, अशा वेळी एखादा नग पाण्यात पडणंही शक्य आहे. त्यात कोणाचाच दोष नसतो.

तुमच्या वडिलांना त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. त्यांनी आता हे मनातून काढून टाकावं. वय झाल्यावर जुन्या गोष्टी उगाळण्यात अर्थ नसतो. दम्यासाठी अडुळशाचा काढा चांगला, आमच्याकडे सगळे घेतात.

कार्तिकी पौर्णिमेला येण्याबद्दल मी लिहिलं होतं, पण एवढा प्रवास त्यांना बाधेल असं वाटतं. आपण नंतर कधीतरी भेटू.

आपली,
रसिका

•

जयगड
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय रसिकाताई,

तुमचं पत्र पोचलं. आधी तुमची माफी मागते. का ते सांगते.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला सांगितलं, मग "आत्मारामने स्वतः सांगितलं का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. काढाही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले, "होडीत उतरताना मी पडलो तेव्हा ज्या माणसाने मला केसाला धरून पाण्यातून वर काढला, तो खोटा बोलायचा नाही. पेटी किनाऱ्याला लागली नाही म्हणतो, तर लागलीच नसेल. म्हणजे माझ्याच हातातून सुटली. खालचे हात मला उगाच दिसले."

मी खूप समजावलं. म्हटलं, बाबा, तुम्ही सबंध आयुष्य सांगत आलात. ते म्हणाले, "एकोणीस वर्षांचा होतो गो, भ्यायलेला. कायपण दिसतं भ्यायलेल्या माणसाला."

परवा ग्रामदेवतेच्या देवळात वर्षाची बैठक होती. बाबा हट्टाने गेले, मी धरून नेलं. तिथे त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणं म्हणजे सगळ्या गावासमोर देवाला सांगणं, तुमच्याकडेही असेल. म्हणाले, "बा देवा म्हाराजा, भवानीप्रसाद गलबतावरचा नग माझ्या हातून गेला. इतकी वर्षं मी नाय नाय म्हणत होतो. ती माझी चूक पोटात घाल." सभामंडपात सगळी वाडी होती.

पायऱ्या उतरताना मागून कोणी तरी म्हणालं, "शेवटी कबूल केलंन म्हाताऱ्याने." कोण ते मी बघितलं नाही. बघून काय करणार होते? लहानपणापासून याच वाक्यासाठी मी सगळ्यांशी भांडले. शाळेत एका पोरीचं नाक फोडलं होतं. आता भांडायला काही उरलं नाही.

बाबांना मात्र झोप लागते आता. आणि माफी यासाठी, ताई, की तुमच्या उत्तराची वाट बघताना मी मनातल्या मनात तुमच्या गावाला बोल लावत होते. वाटायचं, यांनीच कोणी तरी दडवली असणार. ज्यांनी बाबांना जीव दिला त्यांच्याबद्दल असं मनात आणलं, माझी मला लाज वाटते. अप्पांच्या सत्काराला आमच्याकडून एक नारळ वाढवा.

तुमची,
सुरुची

•

भाईंदर पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

सुरुची,

प्रिय लिहायला धजत नाही. हे पत्र आधी तू एकटीने वाच.

पेटी किनाऱ्याला आली होती. तुझ्या बाबांच्या हातून सुटली नाही. खाली दोन हात होते, ते माझ्या अप्पांचे.

आमच्या गावात एक रीत आहे. दर्याने जे काही दिलं त्यातला पहिला नग देवीचा. मासळी असो, वाहत आलेला ओंडका असो. पहिला नग कोणी उघडत नाही, मोजत नाही, उचलून देवळात नेऊन ठेवतात. त्या दिवशीही तेच झालं. तुझ्या बाबांनी वरून पहिली पेटी दिली, अप्पांनी घेतली, आणि ती गोणींबरोबर घरांकडे न जाता सरळ देवळात गेली. गलबताच्या तांडेलाने जाताना विचारलं, सगळं दिलंत ना? गावाने सांगितलं, तुमचं होतं ते सगळं दिलं. खोटं बोलतोय असं एकाच्याही मनात आलं नाही. देवीचं ते देवीचं, ते तुमचं कुठे होतं? गलबत गेल्यावर पेटी उघडली तर आत पेंढ्यात गुंडाळलेली पितळी घंटा. लोक म्हणाले, देवीने आपला नग बरोबर ओळखून घेतला.

आज ती घंटा सभामंडपात आहे. गलबताच्या मालकाने आभार म्हणून दिली असं आम्ही पोरं ऐकत आलो, आणि मी तेच लेखात लिहिणार होते. जागा पुरली नाही म्हणून ते वाक्य गळलं. नाहीतर ज्या मालकाने आळ घेतला तो आभाराची घंटा कशी देईल, असं तूच पहिल्या दिवशी विचारलं असतंस.

हे सगळं मला १५ सप्टेंबरच्या रविवारीच कळलं. अप्पा पडवीत बसले होते. मी विचारलं तर हसत म्हणाले, "व्हती ना पेटी! पयला नग देवीचा, त्यान इचाराचा काय हाय? त्या पोराना माज्याच हातान दिली. गोरा पोर व्हता, थंडीन कापत व्हता." काही लपवायचं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं की त्या पोराचं पुढे काय झालं, आणि मी ते सांगितलं नाही. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते बाहेर काढायचं, वाचायचं आणि अप्पांकडून चार ओळी लिहून घ्यायच्या, एवढंच काम होतं. मी चहा प्यायले आणि बसने घरी आले.

मी भ्याले, सुरुची. सत्काराच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. 'एकही नग इकडचा तिकडे झाला नाही' हे माझंच वाक्य मोठ्या अक्षरात फलकावर लिहिलं जाणार होतं. लोक म्हणतील, आत्मारामच्या पोरीने बापाला म्हातारपणी चोर ठरवलं. मग मी तुला ते पत्र लिहिलं. गावातल्या जाणत्या माणसांना मी विचारलंच नव्हतं. पाण्यात पडणं शक्य आहे, हे मी माझ्या सोयीसाठी लिहिलं. वाटलं, म्हातारा माणूस आहे, वाचेल आणि गप्प बसेल. तो माझ्या अप्पांच्या शब्दावर इतका विश्वास ठेवेल, की स्वतःचे डोळे खोटे पाडील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वर्गात मी पोरांना सांगत आले, की खोटं लिहिलेलं पुसता येतं पण ज्याने वाचलं त्याच्याकडून परत घेता येत नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा सुबक अक्षरात खोटं लिहिलं.

तुझं पत्र आलं आणि तरीही मी पौर्णिमेपर्यंत थांबले. हेही लपवत नाही. सत्काराच्या सकाळी अप्पांना नवं धोतर नेसवत असताना मला राहवलं नाही. तिथेच तुझी पत्रं वाचून दाखवली. वाचता वाचता मी गाऱ्हाण्याशी आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "त्या पोराला चोर बोलले? आमच्या देवीच्या नगापायी?" मग म्हणाले, "मना कनी सांगला न्हाय. पन्नास वर्सा मी ती घंटा वाजवतंय." धोतर तसंच अर्धं सोडून खाटेवर बसले. सत्काराला गेले नाहीत. लोक बोलवायला आले तर म्हणाले, "शाल त्या पोराला द्या." कोणाला काही समजलं नाही. मीच माईकवर जाऊन तब्येतीचं कारण सांगितलं. तेही खोटंच.

अप्पांनी तेव्हापासून धड खाल्लेलं नाही. मला एकच विचारतात, पोर जिता हाय ना? तुझ्या बाबांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांना झोप लागतेय असं तू लिहिलं होतंस, ती मी मोडावी का, हे मला कळत नाही. मला कळण्याचा अधिकारही राहिलेला नाही. तू सांगशील तो कागद लिहून देते, सांगशील तिथे येते.

रसिका

•

जयगड
२ डिसेंबर २०२४

रसिकाताई,

पत्र मी एकटीने वाचलं. अंगणवाडीत, पोरं घरी गेल्यावर. तुम्ही मला अचानक 'तुम्ही' म्हणायला लागलात तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ठरवायला मला आठवडा लागला. बाबांना झोप लागत होती हे खरं. पण ती झोप चोराची होती, आणि माझे बाबा चोर नाहीत. म्हणून वाचून दाखवलं.

ते बराच वेळ हसत होते. दम लागेपर्यंत हसले. "म्हणजे हात होते! मी म्हणत होतो ना हात होते!" असं मला, आईच्या फोटोला, दारातून जाणाऱ्या धर्माजीला सांगितलं. मग विचारलं, "देवीला पोचली ना? मग गेली नाही कुठे." मी म्हटलं, चला, आता देवळात जाऊन सगळ्यांना सांगूया. तर मान हलवून म्हणाले, "मी नाय सांगायचो. मला वर ओढणाऱ्या हातांना मी गावात चोर म्हणू? आपलं काय, राहिलं तेवढं राहिलं." आता त्याच्यापुढे ते ऐकत नाहीत. अप्पांना जेवायला सांग असा निरोप द्यायला सांगितलाय. आणि तुम्हाला माफ केलं असं लिही म्हणालेत.

ते त्यांचं सांगणं म्हणून लिहिलं. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या अप्पांवर माझा राग नाही, त्यांनी रीत पाळली. मालकावरही आता राहिला नाही, तो कधीच वारला. पण बाबांना आयुष्यभर लोक चोर म्हणाले आणि ते एकदाही हो म्हणाले नाहीत. मालकाने धमकावलं, तांडेलाने मारलं, तरी नाही म्हणाले. ते हो म्हणाले तुमच्या पत्रावर. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करीन असं आज तरी वाटत नाही.

कागद नको. कागद वाचून दाखवायला मलाच उभं राहावं लागेल, आणि पोरगी बापाची बाजू घेणारच असं म्हणून लोक हसतील. तुम्ही या. अप्पांना झेपत असेल तर त्यांनाही आणा, नाहीतर एकट्या या. बाबांना सांगू नका, मी सांगणार नाही. पुढच्या अमावास्येला देवळात गाव जमतं. पुजाऱ्यांशी मी बोलून ठेवलंय, गाऱ्हाणं संपलं की तुम्हाला उभं करतील. जे माझ्या वाचनात आलं ते सगळं तिथे सांगायचं, रीत, पेटी, आणि तुमचं पत्रसुद्धा.

माईक नाही आमच्याकडे. म्हणून आवाज मोठा ठेवा. बाबांना बोलताना धाप लागत होती, तरी त्यांचं बोलणं अगदी मागे उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं होतं.

सुरुची